नापसंतीचा कागद : मुंबईतील बांधकाम परवानगीची कथा

वसंतातील संध्याकाळी जेवणे उरकून मंडळी व्याख्यानास येतात ती शिवाजी महाराज, ज्ञानेश्वर, निदानपक्षी एखादे महायुद्ध ऐकण्याच्या तयारीने. त्यांच्यापुढे पालिकेतील एका कागदाचा इतिहास मांडावयाचा, हे धाडसच आहे. परंतु ह्या गावात असे घर क्वचितच असेल की ज्याचा एक तरी माणूस मुंबईच्या चाळीत राहिला नाही. आणि मुंबईतील कोणतीही चाळ उभी राहिली, पडली किंवा पाडली गेली ती ह्या कागदाच्याच साक्षीने. राजांचे करारनामे आपण शाळेत पाठ केले. ज्या कागदाने आपल्या डोक्यावरील छप्पर ठरविले तो मात्र आपण वाचलाच नाही. म्हणून हा विषय.

एका प्रसंगापासून सुरुवात करतो. काही वर्षांपूर्वी मध्य मुंबईतील एका जुन्या चाळीतली मंडळी रात्री आमच्या युनियनच्या कचेरीत आली. बहुतेक बंद पडलेल्या गिरण्यांतील कामगार, काही त्यांच्या विधवा. साठेक बिऱ्हाडांची ती चाळ एका बिल्डरने विकत घेतली होती आणि दोन वर्षे तिथे कोणाला धड झोप नव्हती. त्या रात्री मात्र त्यांच्या हाती पेढ्यांचा पुडा होता. सर्वांत वडील बाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, आधी तोंड गोड करा. त्याचा नकाशा नापास झाला. हा बघा कागद, वर लिहिलंच आहे."

कागद इंग्रजीत होता. मथळ्याचा सरळ अर्थ 'नापसंतीची सूचना' असाच होत होता. खाली अटींची लांबच लांब यादी. आम्ही पेढा हातातच धरला आणि सांगितले, "मावशी, हा नापास झाल्याचा कागद नाही. मुंबईत पास झाल्याचा कागद असाच असतो."

त्या क्षणभर आमच्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "पास केल्याच्या कागदावर नापास कशाला लिहील कोणी?"

प्रश्न साधा होता, आणि त्याचे उत्तर त्या रात्री आम्हांस पुरते देता आले नाही. पुढे कायद्याची पुस्तके, जुने अहवाल आणि शब्दकोश शेजारी ठेवून जे समजले तेच आज तुमच्यापुढे मांडीत आहोत.

आगीने शिकविलेला धडा

मुंबईत घर बांधण्यावर सरकारचे लक्ष गेले ते प्रथम रहिवाशांच्या सुखासाठी नव्हे, किल्ल्याच्या संरक्षणासाठी. तटाबाहेरचा टापू तोफांच्या माऱ्यासाठी मोकळा राहिला पाहिजे, तिथे कोणी घर घालू नये, ही पहिली बंदी. तटाच्या आत मात्र व्यापारी, कारागीर, नोकरचाकर यांची घरे एकमेकांच्या अंगावर रेलून उभी होती. १८०३ सालच्या फेब्रुवारीत किल्ल्यातील बाजारपेठेत आग लागली आणि वस्तीचा मोठा भाग जळून गेला. त्यानंतर तटाबाहेर उत्तरेकडे वस्ती वाढू लागली. मोकळे मैदान आणखी रुंद झाले आणि त्यापलीकडे नवे, देशी लोकांचे शहर उभे राहिले. गिरगाव, भुलेश्वर, मांडवी हे भाग गजबजले ते ह्या ओघात.

ह्यात एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. घरांमधील अंतर हा केवळ मालकाच्या मर्जीचा प्रश्न नाही, हे शहराला आगीने शिकविले. शेजाऱ्याच्या घराशी माझा संबंध आहे, कारण त्याची ठिणगी माझ्या छपरावर पडते. बांधकाम परवानगीच्या साऱ्या कायद्याचे मूळ ह्या एका वाक्यात आहे. पुढे ठिणगीच्या जागी रोगजंतू आले, सांडपाणी आले, समुद्राचे पाणी आले. तत्त्व तेच राहिले.

मालकांचा कायदा

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची उभारणी हाती घेतली. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे येथील कापसाला सोन्याचा भाव आला. किल्ल्याचे तट त्याच सुमारास, गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या अमदानीत, पाडण्यात आले. १८६५ साली शहराच्या कारभारासाठी एकच म्युनिसिपल कमिशनर नेमण्याचा कायदा झाला आणि ऑर्थर क्रॉफर्ड हे पहिले कमिशनर झाले. क्रॉफर्ड मार्केट हे त्यांचेच नाव. १८७२ साली दुसरा कायदा आला, आणि शेवटी १८८८ चा तिसरा. दुरुस्त्या होत होत हा १८८८ चा कायदा आजही मुंबईत चालू आहे. आपल्या आजोबांच्या आजोबांच्या वेळचा हा कायदा. अनेक राज्ये, पक्ष आणि पुढारी आले नि गेले, तो आपला जागेवर आहे.

ह्या कायद्याच्या रचनेत फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्रिंबक तेलंग यांच्यासारख्या मोठ्या माणसांचा हात होता. सरकारी अधिकाऱ्याने मनमानी करू नये, नागरिकाचा हक्क शाबूत राहावा, ही त्यांची तळमळ. त्या तळमळीचाच ठसा बांधकामाच्या कलमांवर उमटला आहे.

कलम ३३७ असे सांगते की ज्याला इमारत बांधावयाची आहे त्याने आपल्या त्या इराद्याची कमिशनरला नोटीस द्यावी. इमारत कुठे, कशी, कशासाठी, केवढी आणि कोणाच्या देखरेखीखाली होणार, एवढे त्यात असावे. शब्द नीट पाहा : 'परवानगी मागावी' असे म्हटलेले नाही, 'नोटीस द्यावी' असे म्हटले आहे. जमीन माझी, बांधणार मी. तुम्हांला कळवितो, इतकेच. मग कमिशनरने काय करावयाचे? कलम ३४५ म्हणते, तीस दिवसांत त्याने नापसंती कळविली नाही तर मालकाने खुशाल काम सुरू करावे. आणि कलम ३४६ म्हणते, काही नियमबाह्य आढळले तर त्याने तीस दिवसांत लेखी नापसंती कळवावी, तिची कारणे द्यावीत आणि कोणत्या अटी पाळल्या तर काम पसंत समजले जाईल तेही सांगावे.

मावशींच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. कायद्याने अधिकाऱ्याच्या हाती 'होय' म्हणण्याची सत्ता दिली नाही, कारण 'होय' हे मालकाजवळ जन्मतःच आहे असे गृहीत धरले. अधिकाऱ्याला फक्त 'नाही' म्हणता येते, आणि तेही 'अमुक केलेत तर नाही म्हणणार नाही' अशा रीतीने. म्हणून मुंबईत शेकडो अटींसह मिळालेली परवानगी नापसंतीच्या नावाने ओळखली जाते. कचेरीत तिची इंग्रजी आद्याक्षरेच सर्वांच्या तोंडी : 'आयओडी आली का?' ती आली की बिल्डरच्या घरी दिवाळी.

ही रचना स्वातंत्र्याची होती हे आम्ही नाकारीत नाही. हुकूमशाही वृत्तीच्या गोऱ्या अधिकाऱ्याला मुदतीने आणि कारणे देण्याच्या बंधनाने जखडणे हे त्या काळी लहान काम नव्हते. पण हे स्वातंत्र्य कोणाचे? पालिकेच्या निवडणुकीत तेव्हा मत होते ते कर भरणाऱ्यांना. चाळीच्या खोलीत राहणारा गिरणी कामगार भाडे भरी. त्या भाड्यातून मालक कर भरी. आणि मत मालकाला. महिना दहा रुपये भाडे देणाऱ्यास मताचा हक्क मिळाला तो १९२२ साली, आणि सर्व प्रौढांना १९४८ साली. कलम ३३७ च्या नोटिशीत मालकाचे नाव आहे, देखरेख करणाऱ्याचे नाव आहे. ज्याने त्या खोलीत जन्म काढावयाचा त्याचे नाव लिहिण्यास रकानाच नाही.

प्लेग आणि साडेत्रेसष्ट अंश

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात गाठीच्या तापाचे रोगी आढळले. हा प्लेग आहे असे प्रथम ओळखणारे डॉक्टर अकासियो व्हिएगस हे मूळ गोव्याचे. धोबीतलावाजवळ त्यांचा पुतळा उभा आहे; आपल्यापैकी अनेक जण त्याखालून गेले असतील. रोगाने शहर हादरले, लोक हजारोंनी गावी पळाले. सरकारने घरोघर झडत्या घेतल्या, माणसे उचलून इस्पितळात नेली, खोल्या मनुष्यवस्तीस अयोग्य ठरविल्या. लोक चिडले, १८९८ च्या मार्चमध्ये दंगा झाला. ज्या खोल्या बांधताना कोणी हरकत घेतली नाही, त्या खोल्यांत राहिल्याचा दोष राहणाऱ्याच्या माथी आला.

त्याच १८९८ साली मुंबई सुधारणा ट्रस्ट कायद्याने स्थापन झाला. नागपाड्याची योजना ही त्याची पहिली. प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढून समुद्राचा वारा दाट वस्तीत आणावयाचा, ही कल्पना. पुढे दादर, माटुंगा, शीव येथील आखीव वस्त्या ह्याच ट्रस्टच्या. पण घरे पाडण्याचा वेग बांधण्याच्या वेगापेक्षा मोठा होता. पाडलेल्या घरातला गरीब काही माटुंग्यास गेला नाही. तो शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या खोलीत आणखी एका बिऱ्हाडाला चिकटून राहिला. गर्दी हटली नाही, सरकली.

ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी मात्र एक विचार असा मांडला की जो आजही कोणाही गवंड्याला पटेल. १९१२ साली त्यांनी मुंबईतील घरांतील उजेड आणि हवा ह्या विषयावर व्याख्यान दिले. त्यांचा आग्रह साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा. खोलीच्या बाहेरील भिंतीच्या पायथ्याशी उभे राहून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेषा काढावी. तिचा जमिनीशी होणारा कोन साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक नसावा. भूमिती बाजूला ठेवून सुताराच्या भाषेत सांगावयाचे तर दोन उभे, एक आडवे. समोरची भिंत वीस फूट उंच असेल तर मधली मोकळी जागा दहा फूट तरी हवी. चाळीस फूट असेल तर वीस.

ज्यांनी गिरगाव-भुलेश्वरच्या जुन्या चाळी पाहिल्या आहेत त्यांनी हा हिशेब मनाशी करून पाहावा. दोन इमारतींमध्ये मोरीचे पाणी वाहून नेणारी अंधारी हाऊस गल्ली, वर तीन-तीन, चार-चार मजले. दिवसा दुपारी दिवा लावून भाकरी थापणाऱ्या बाईला ते अंश कोणी शिकविण्याची गरज नव्हती. तिला ते डोळ्यांच्या जळजळीने माहीत होते. पण मालकाच्या दृष्टीने मोकळी जागा म्हणजे भाडे न देणारी जागा. नियम काय असावा यावरील भांडण खरोखर ह्या प्रश्नाचे होते : अंधाराची किंमत कोणी भरावयाची? ट्रस्ट १९३३ साली पालिकेत विलीन झाला. नकाशात मोकळ्या जागा दाखविण्याची सक्ती मात्र राहिली. आज आर्किटेक्ट नकाशावर इमारतीभोवती ज्या रेघा ओढतो त्यांच्या मागे प्लेगमध्ये गेलेली माणसे उभी आहेत, हे विसरू नये.

भाडे, दुरुस्ती आणि पडझड

पहिल्या महायुद्धात भाडी भडकली तेव्हा १९१८ साली भाडेनियंत्रण आले. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांनी विकास खाते काढून कामगारांसाठी सिमेंटच्या चाळी बांधावयास घेतल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथील ह्या बीडीडी चाळी आपल्यापैकी कित्येकांना ठाऊक असतील : एकूण २०७ इमारती, तळमजल्यासह चार मजले, एका चाळीत ऐंशी खोल्या, एक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. सुरुवातीस कित्येक खोल्या रिकाम्या राहिल्या, कारण भाडे परवडत नव्हते आणि सोयी अपुऱ्या होत्या. तरी एक गोष्ट खरी की कामगारांसाठी बांधणे हे सरकारचे काम आहे, हे त्यामुळे पायंड्याने मान्य झाले.

१९४७ साली नवा भाडे कायदा झाला. त्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर थोपविली. भाडेकरूंस त्याने वाचविले. तो नसता तर आमच्या पिढीतील निम्मे लोक मुंबईत वाढलेच नसते. पण नाण्याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. भाडे गोठले, महागाई गोठली नाही. मालकाने दुरुस्ती सोडली, पागडी मात्र उघडपणे न सांगता घेतली. तुळया वाळवीने पोखरल्या, जिने लटकू लागले, पावसाळ्यात चाळी कोसळू लागल्या. अखेर १९६९ साली इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला आणि जुन्या इमारतींवर उपकर बसवून दुरुस्तीची व्यवस्था झाली. अशा उपकरप्राप्त इमारती तेव्हा सुमारे १९,६०० होत्या. हे मंडळ पुढे म्हाडात आले.

त्याच दशकात नगररचनेने नवे वळण घेतले. १९६६ चा प्रादेशिक व नगररचना कायदा आला, आणि मुंबईचा पहिला विकास आराखडा १९६७ साली मंजूर झाला. आता जमिनीचा वापर काय होणार हे आधी ठरवून ठेवण्याची पद्धत आली, आणि परवानगीचा दुसरा कागद जन्मास आला : प्रारंभ प्रमाणपत्र. म्हणजे १८८८ च्या कायद्याखाली नापसंतीचा कागद, १९६६ च्या कायद्याखाली काम सुरू करण्याचा कागद, आणि काम पुरे झाल्यावर राहावयास जाण्याचा, म्हणजे भोगवट्याचा कागद. शेवटचा कागद न घेताच गाळे विकून मोकळा झालेला बिल्डर आणि त्यापायी पाण्याचे जादा दर भरीत बसलेले रहिवासी, हे चित्र उपनगरांत आजही ठिकठिकाणी दिसते.

चटईक्षेत्र निर्देशांक हा शब्दही ह्याच काळातला. भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येईल, एवढाच त्याचा अर्थ. १९९१ च्या नियमावलीत तो बेटावरील शहरासाठी १.३३ आणि उपनगरांसाठी १ ठरला. एक हजार चौरस मीटर जमिनीवर शहरात १,३३० चौरस मीटर बांधकाम. मूळ हेतू गर्दीला आळा घालण्याचा. पण आळ्याला किंमत असते. तो सैल करून देणे हीच मग सर्वांत मौल्यवान वस्तू झाली. पूर्वी जमीन विकली जात होती, आता जमिनीवरील आकाश विकले जाऊ लागले.

समुद्राची हरकत

मुंबई हे भरती-ओहोटीत भराव घालून जोडलेले शहर. समुद्र मागे हटविणे हाच येथे दोन शतके विकास समजला गेला. १९ फेब्रुवारी १९९१ रोजी केंद्र सरकारच्या अधिसूचनेने प्रथमच असे म्हटले की भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा हा नियमनाचा पट्टा आहे, आणि तिथे वाटेल तसे बांधता येणार नाही. २०११ व २०१९ साली ह्या अधिसूचना बदलल्या. बंधने काही बाबतींत शिथिल झाली. पण अर्जात एक नवा हरकतदार आला : खुद्द समुद्र.

ह्यातही लहान माणसाची गाठ पडतेच. किनाऱ्याचे सर्वांत जुने रहिवासी कोळी. त्यांची घरे नकाशे नि नोटिसा निघण्यापूर्वीची, त्यामुळे त्यांच्याजवळ मंजूर नकाशा असण्याचे कारणच नव्हते. किनारा वाचविण्याचा नियम त्यांच्याच पडक्या घराच्या दुरुस्तीच्या आड येऊ लागला. २०११ च्या अधिसूचनेत बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांचा वेगळा विचार झाला, तो त्यांनी आवाज उठविल्यावर. आमचे म्हणणे नियम नसावा असे नाही. समुद्राचे पाणी वशिला ओळखत नाही, आणि २६ जुलै २००५ च्या पावसाने मुंबईला तो धडा भर रस्त्यावर शिकविला. परंतु नियम करताना त्या जागी आधीपासून कोण आहे हे विचारावे लागते, आणि तेच प्रत्येक वेळी राहून गेले आहे.

गिरण्यांची जमीन

आता आमच्या चळवळीची चूक सांगितली पाहिजे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉक्टर दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मागण्या पगारवाढीच्या, बदली कामगारांच्या आणि मुंबई औद्योगिक संबंध कायद्याच्या विरोधातील. सर्व मागण्या रास्त होत्या. पण ज्या जमिनीवर गिरण्या उभ्या होत्या तिचे पुढे काय होणार, हा प्रश्न त्यांत नव्हता. आमच्या चळवळीला मागाचा दर पाठ होता. जमिनीचा दर माहीत नव्हता. धुराड्याखाली सोने पुरले आहे हे मालकांना आधी कळले, आम्हांस नंतर.

१९९१ च्या विकास नियमावलीत नियम ५८ आला. गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करावयाचा तर ढोबळपणे एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकाला. कामगारवस्तीला श्वास मिळण्याची ती संधी होती. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली, आणि वाटणी सर्व जमिनीची न राहता केवळ इमारतींखेरीज मोकळ्या असलेल्या जमिनीची झाली. गिरणीत मोकळी जमीन ती किती? शेड, गोदामे, खाती यांनीच ती व्यापलेली. पालिकेचा नि म्हाडाचा वाटा आक्रसला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तिथून सर्वोच्च न्यायालयात. २००६ साली त्या न्यायालयाने दुरुस्ती कायम ठेवली. एका नियमाच्या अर्थात दोन-चार शब्द फिरले, आणि परळ-लोअर परळचे रूप बदलले. गिरणी कामगारांच्या घरांची मोठी सोडत २०१२ साली निघाली. अर्ज सुमारे दीड लाख, घरे त्या मानाने मूठभर. गेट मीटिंगमध्ये आम्ही घोषणा दिल्या. नियमाच्या दुरुस्तीवर हरकती मागविल्याची जाहिरात वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापून येते, ती वाचणारा माणूस मात्र आम्ही नेमला नव्हता.

ज्यांच्याकडे कागदच नाही

एवढा वेळ आम्ही कागद असलेल्यांविषयी बोललो. मुंबईत अशीही लाखो माणसे आहेत की ज्यांनी कलम ३३७ ची नोटीस कधी दिली नाही, कारण नोटीस द्यावयास जमीनच नव्हती. १९८१ च्या पावसाळ्यात पदपथावरील झोपड्या हटविण्याची मोहीम निघाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल लागला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. पदपथावर राहण्याचा हक्क मात्र मान्य केला नाही. नोटीस देऊन, ऐकून घेऊन मग हटवावे, असा त्याचा मथितार्थ. पहा, पुन्हा नोटीसच. १८८८ साली मालकाने सरकारला द्यावयाची ती एक. शंभर वर्षांनी सरकारने झोपडीवाल्याला द्यावयाची ती दुसरी. दोहोंमधील अंतर म्हणजे मुंबईचा सामाजिक इतिहास होय.

सहीचा रकाना

आता चाळीकडे परत येतो. १८८८ च्या नोटिशीत भाडेकरूला जागा नव्हती असे आम्ही म्हणालो. ती जागा शंभरांवर वर्षांनी निर्माण झाली. १९९१ नंतरच्या नियमांत, नियम ३३ च्या पोटनियम ७ खाली, जुन्या उपकरप्राप्त इमारतीचा पुनर्विकास करावयाचा तर निदान ७० टक्के रहिवाशांची लेखी आणि परत न घेता येणारी संमती आवश्यक ठरली. पुढे हे प्रमाण ५१ टक्क्यांवर आणण्यात आले. ज्याचे नाव कोणी विचारीत नव्हते त्याची सही आता दारात येऊन मागितली जाऊ लागली.

हा मोठा विजय आहे, आणि त्यातच धोका आहे. ज्या वस्तूला किंमत येते तिची चोरी होते. कोरा कागद, देवीची शपथ, मुलाला नोकरीचे आश्वासन, पाच-पन्नास हजारांची थैली, कधी नळाला अचानक न येणारे पाणी : सह्या अशा गोळा होतात. 'परत न घेता येणारी' ह्या शब्दांचा अर्थ सही करताना सांगितला जात नाही. सही मागे घ्यावयास गेल्यावर सांगितला जातो.

त्या रात्री पेढे बाजूला ठेवून आम्ही तो नापसंतीचा कागद अथपासून इतिपर्यंत मोठ्याने वाचला. मंडळी जमिनीवर बसून ऐकत होती. बऱ्याच अटी नाल्यांच्या, टाकीच्या, डासांच्या. मग एक अट आली : प्रारंभ प्रमाणपत्रापूर्वी सर्व भाडेकरूंशी केलेले करारनामे सादर करणे. आम्ही ती दोनदा वाचली. मावशी म्हणाल्या, "म्हणजे आम्ही अजून आहोत म्हणायचं त्या कागदात."

होत्या. कागदाच्या नावावर न जाता त्याच्या पोटात शिरल्यावर सापडल्या. दुसऱ्या दिवसापासून लेखी अर्ज, पोच, पुन्हा अर्ज. तोंडी काही बोलावयाचे नाही, हा एकच नियम. सर्व करारनामे झालेले नाहीत हे कागदावर आणले, तेव्हा पुढचा कागद थांबला आणि बिल्डर बोलणी करावयास आला. नोंदणी केलेले करार झाले, बाहेर राहण्याचे भाडे ठरले, खोलीचे क्षेत्र लिहून मिळाले. परंतु त्याआधी सात बिऱ्हाडे कोऱ्या कागदावर सह्या करून, हाती पडेल ते घेऊन, बदलापूर-विरारच्या पलीकडे गेली होती. त्यांना परत आणता आले नाही. त्यांतील एकाने आमच्याबरोबर पंधरा वर्षे झेंडा धरला होता. त्याने सही करण्यापूर्वी आम्हांस विचारले नाही, कारण घराचा प्रश्न हा युनियनचा प्रश्न आहे असे आम्हीच त्याला कधी सांगितले नव्हते.

म्हणून, श्रोतेहो, ही कथा. आता अर्ज संगणकावर भरले जातात, नकाशे यंत्र तपासते. २०१८ पासून नवी नियमावली लागू आहे. तरीही कागदाचा प्राण तोच : बांधणाऱ्याचा इरादा, शहराची हरकत, आणि दोहोंच्या मध्ये राहणाऱ्याचे आयुष्य. आगीने एक रकाना वाढविला, प्लेगने दुसरा, पडलेल्या चाळींनी तिसरा, समुद्राने चौथा. प्रत्येक रकान्यासाठी माणसे मेली आहेत. कोणताही रकाना कोणी मेहेरबानीने दिलेला नाही.

उद्या मुंबईहून तुमच्या भावाचा, मेव्हण्याचा फोन येईल की खोलीच्या कागदावर सही मागताहेत, काय करू? तेव्हा त्याला एवढेच सांगा : कागदाची प्रत माग, घरी आण, समजेल अशा माणसाकडून शेवटच्या अटीपर्यंत वाचून घे, चाळीतल्या सर्वांना एकत्र बसवून ऐकव, आणि मग एकट्याने नव्हे, सर्वांबरोबर सही कर. पेढे त्यानंतर.